काठीला वळण

गोल्फ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात : एक गुळगुळीत हिरवळ, आणि तिच्यावरून पांढरी टोपी घालून चाललेले साहेब. नाशिकच्या माणसाला विचाराल तर तो वेगळेच सांगेल. तिथे ‘गोल्फ क्लब’ म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे क्रिकेटचे सामने होतात आणि गोल्फ औषधालाही सापडत नाही. पण जिथे गोल्फ खरोखरच चालतो, तिथे त्या साहेबांच्या मागे चार पावलांचे अंतर राखून आणखी एक माणूस चाललेला असतो व त्याच्या खांद्यावर दहा-बारा किलोची पिशवी असते. त्याला कॅडी म्हणतात. माझे वडील तीस वर्षे कॅडी आहेत. शनिवार-रविवार मीही असतो. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार मागे उभे राहून पाहणाऱ्याचा आहे. खेळणाऱ्याला आपला चेंडू दिसतो. मागे उभे राहणाऱ्याला माणूसही दिसतो.

आधी शब्दाचा एक घोळ मिटवतो. गोल्फमध्ये संस्थेलाही क्लब म्हणतात आणि ज्या दांड्याने चेंडू मारतात त्यालाही क्लब म्हणतात. वाचकांची दया येऊन मी दांड्याला सरळ काठी म्हणणार आहे. अशा चौदा काठ्या पिशवीत ठेवता येतात, पंधरावी चालत नाही. हा नियम अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली आला. त्याबद्दल सगळ्या जगातल्या कॅडींच्या खांद्यांनी नियम करणाऱ्यांचे ऋणी राहायला हवे.

आता मूळ मुद्दा. माझा धाकटा भाऊ अकरावीत आहे. सोमवारी सभासदांसाठी मैदान बंद असते, तेव्हा सकाळी कॅडींना खेळू देतात. त्या सोमवारांवर तो चार वर्षे वाढला आहे. यंदा मार्चअखेर कॅडींची स्पर्धा आहे, आणि पहिल्या दोघांना क्लबचे प्रशिक्षक वर्षभर विनामूल्य शिकवणार आहेत. धाकट्याचा फटका पाहण्यासारखा जातो. फक्त तो दहातून चारदा जातो. उरलेल्या सहा वेळी चेंडू कुठे जाईल हे चेंडूलाही ठाऊक नसते. गोल्फच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या स्विंगला सातत्य नाही. यावर त्याने मोबाईलवर एक उपाय शोधून काढला. बिजागरी बसवलेली काठी! स्विंग वाकडा झाला की ती मधेच कोयत्यासारखी दुमडते. किंमत साडेसात हजार. त्याच्याजवळ पाच हजार दोनशे साठले होते. उरलेले दादाने, म्हणजे मी, द्यावेत अशी त्याची सूचना होती. माझ्याजवळ होते, पण ते तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले. म्हणजे प्रश्न नुसता खेळाचा राहिला नाही. स्विंग सुधारणारे साधन निवडायचे कसे, हा विषय आमच्या घरी अभ्यासाला लागला तो असा.

सातत्य हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. गोल्फमध्ये त्याला मोजमाप आहे. वरून खाली येणाऱ्या काठीला चेंडूपर्यंत पोचायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि काठीचे तोंड चेंडूला टेकलेले असते ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात तोंड कुठे पाहत होते यावर चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः ठरते. चेंडू दोन अंशांनी चुकीच्या दिशेला निघाला, तर १३० मीटरवर तो साडेचार मीटर बाजूला पडतो. ग्रीनवर तर आणखी गंमत. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. तीन मीटरवरून चेंडू नुसता घरंगळत न्यायचा, तरी एका अंशाहून थोडे अधिक चुकले की चेंडू होलला नमस्कार करून पुढे जातो. एक अंश म्हणजे किती? कंपासपेटीतल्या कोनमापकावरची एक बारीक रेघ. इतके अचूक सगळ्या अंगाने करायचे, तेही पुन्हा पुन्हा!

यंत्राला ते जमते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने चेंडू आणि काठ्या तपासण्यासाठी जे स्विंगचे यंत्र वर्षानुवर्षे वापरले, त्याचे नाव ‘आयर्न बायरन’, म्हणजे लोखंडी बायरन. ते बायरन नेल्सन या खेळाडूच्या स्विंगवरून बेतले होते आणि नावही त्याचेच. हा बायरन नेल्सन टेक्सासमधल्या फोर्टवर्थ गावी कॅडी होता. १९२७ साली तिथल्या कॅडींच्या स्पर्धेत त्याने दुसऱ्या एका कॅडीला एका फटक्याने हरवले. त्या दुसऱ्याचे नाव बेन होगन. पुढे दोघेही जगातल्या थोर खेळाडूंत गणले गेले. सातत्याचा लोखंडी पुतळा एका कॅडीच्या अंगावरून ओतला गेला, हे वाचले त्या दिवशी मला पिशवी किंचित हलकी वाटली.

आम्ही कॅडी लोक साधनांच्या बाबतीत फार अनुभवी असतो. विकत न घेता आम्ही ती सगळी पाहिलेली असतात. सभासदांच्या पिशव्यांतून दर हंगामात नवे काही निघते. कोपर वाकू नये म्हणून हाताला बांधायची पट्टी, मनगट ताठ ठेवणारी खपाची, दोन दंडांमध्ये धरायचा फुगवलेला चेंडू, टोकाला वजन असलेला लवचिक दांडा, पायाखालचा आरसा. एक साहेब तर एके सकाळी इतक्या पट्ट्या बांधून उभे राहिले की मला अस्थिरोग विभागाची आठवण झाली. त्या अवस्थेत त्यांचे चेंडू खरोखर सरळ गेले. पट्ट्या सोडल्या आणि पहिलाच चेंडू पाण्यात. साहेब म्हणाले, “आज वारा आहे.” कॅडीने अशा वेळी आभाळाकडे पाहून मान हलवायची असते.

धाकट्याने दुमडणाऱ्या काठीचा विषय अण्णांपुढे काढला, तेव्हा अण्णा काहीच बोलले नाहीत. सोमवारी सकाळी मात्र आमच्याबरोबर आले आणि धाकट्याच्या मागे उकिडवे बसले. वीस चेंडू पाहिले. मग म्हणाले, “दुखतंय कुठं ते आधी बघावं, मग औषध आणावं. तुम्ही आधी औषध आणून मग दुखणं शोधताय.”

मला वाटते, या विषयातले पहिले सूत्र हेच. साधन चांगले की वाईट असा प्रश्नच नसतो. ते कोणत्या दोषावरचे आहे हा प्रश्न असतो. माणूस उभाच तिरका राहत असेल तर स्विंग कितीही सुंदर असला तरी चेंडू तिरकाच जाणार. त्याला जमिनीवर दोन काठ्या समांतर आडव्या ठेवल्या की पुरे. एक चेंडूपलीकडे लक्ष्याच्या दिशेने, दुसरी पायांच्या चवड्यांशी, रेल्वेच्या रुळांसारखी. दुकानात त्या रंगीत फायबरच्या मिळतात. टोमॅटोच्या मळ्यात टेकूला लावलेल्या मिळतात. सरळपणात फरक नाही. कोणाची काठी चेंडूआधीच माती उकरत असेल, तर वाळूत एक रेघ ओढावी आणि चेंडू न ठेवता रेघेवर फटके मारत जावे. ओरखडा रेघेच्या अलीकडे पडतो की पलीकडे, हे वाळू लगेच सांगते. चेंडू तोंडाच्या मध्यावर न लागता टोकाला लागत असेल, तर तोंडाला खडूची पूड चोळावी. प्रत्येक फटक्याचा ठसा उमटतो. होलजवळ हात थरथरत असेल, तर काठीचे डोके जेमतेम जाईल एवढ्या अंतरावर दोन टी रोवावेत. डोके वाकडे आले की टी पडते, वाद घालावा लागत नाही. हात अंगापासून सुटत असतील, तर काखेत पंचा धरावा आणि अर्धेच फटके मारावेत. पंचा पडला की समजावे. जोर चेंडूवर नेमका पोचत नसेल, तर चिंध्या भरलेले पोते पुढे ठेवून त्यावर काठी आणून थांबवावी आणि मनगटे कुठे आहेत ते पाहावे. आणि घाई हा रोग असेल तर तोंडाने अंक मोजावेत. वर नेताना सावकाश, खाली येताना झटकन, हे प्रमाण चांगल्या खेळाडूंत तिनास एकच्या आसपास पडते, असे २००४ साली ‘टूर टेम्पो’ या पुस्तकाने मांडले. लेझीम खेळलेल्या पोराला हे फार समजावून सांगावे लागत नाही.

धाकट्याचे दुखणे दोन निघाले. एक, तो लक्ष्याच्या बराच उजवीकडे तोंड करून उभा राहायचा आणि मग शेवटच्या क्षणी हातांनी चेंडू ओढून आणायचा. ओढणे जमले की फटका सुरेख, फसले की भलतीकडे. दुसरे दुखणे अण्णांनी काठी हातात घेऊन दाखवले. ती एका सहा फुटी सभासदाने टाकून दिलेली होती आणि आमच्या पाच फूट तीन इंची खेळाडूला लांब होत होती. “वहाण मोठी असंल तर चाल शिकवून काय उपयोग?” अण्णा म्हणाले. या दोन्हींपैकी एकाही दोषावर बिजागरीची काठी हा उपाय नव्हता. ती स्विंगच्या वाटेतला धक्का पकडते; उभे राहण्याची दिशा तिला कळत नाही, आणि आपल्या मापाच्या काठीशी तर तिचा काही संबंधच नाही.

दुसरे सूत्र मला अण्णांनी दिले नाही, आपल्या ग्रंथालयाने दिले. मानसशास्त्राच्या अभ्यासात कौशल्य शिकण्याचे प्रकरण येते. त्यासाठी वाचताना मला १९८४ सालच्या एका लेखाचा उल्लेख सापडला. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघांचा तो लेख आहे. शिकणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नानंतर ‘असे झाले, तसे झाले’ असे सांगत राहिले तर सरावात तो झपाट्याने सुधारतो; पण सांगणे थांबवून नंतर परीक्षा घेतली तर ती सुधारणा टिकतेच असे नाही, कारण तो त्या सांगण्यावर रेलून उभा असतो. आणखी आधी, १९७९ साली, शे आणि मॉर्गन या दोघांनी दाखवले होते की एकच हालचाल ओळीने घोटण्यापेक्षा वेगवेगळ्या हालचाली मिसळून केल्या तर सरावात चुका जास्त होतात, पण नंतर जास्त लक्षात राहते. हे वाचताना मला पट्ट्या बांधलेले साहेब दिसले. त्या दिवशी वारा नव्हता.

यावरून साधनांचे मी दोन वर्ग केले. एक, धरून ठेवणारी, दुसरी, सांगणारी. धरून ठेवणारे साधन शरीराला चुकूच देत नाही, म्हणून शरीराला काही कळतही नाही. सांगणारे साधन चुकू देते आणि चुकल्याबरोबर सांगते. वाळूतली रेघ, खडूचा ठसा, पडलेली टी ही सगळी सांगणारी. आणि बिजागरीची काठी? न्यायाने बोलायचे तर तीही सांगणारीच आहे, चुकले की दुमडते. ती वाईट नव्हे. आमच्या दुखण्याची नव्हे, इतकेच. मोबाईलचा कॅमेराही सांगतो, मात्र जपून ऐकावे लागते. तो लक्ष्याच्या रेषेत, हातांच्या उंचीवर ठेवला नाही तर सरळ स्विंग वाकडा दाखवतो. शिवाय एकाच वेळी दहा गोष्टी सांगतो, आणि पाव सेकंदात एकच गोष्ट मनात मावते.

तिसरे सूत्र खुद्द नियमांच्या पुस्तकात आहे. २०१९ पासून लागू झालेल्या नियमावलीतला ४.३ हा नियम असा की सामन्याची फेरी चालू असताना सरावाचे साधन घेऊन साधा सरावाचा स्विंगही करायचा नाही. फटके मोजायच्या स्पर्धेत पहिल्यांदा मोडला तर दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्यांदा मोडला तर स्पर्धेतून बाद. म्हणजे ज्या दिवशी साधनाची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्या दिवशी ते पिशवीबाहेर. विद्यार्थ्याला हे नवे नाही. गाईड घरी कितीही तोंडपाठ बोलले तरी परीक्षेच्या दालनात ते दाराबाहेरच्या ढिगात पडते आणि आत आपण एकटे जातो. म्हणून कोणतेही साधन घेण्याआधी विचारावे : हे काढून घेतल्यावर माझ्याजवळ काय उरेल? आम्ही यातून एक पद्धत ठरवली. दहा चेंडू साधनासह, पुढचे दहा साधनाशिवाय, तेही काठी बदलून आणि लक्ष्य बदलून. हिशेब दुसऱ्या दहांचाच लिहायचा.

हे सगळे मी उत्साहाने सांगितले तेव्हा धाकट्याने जे उत्तर दिले ते इथे नोंदवले नाही तर लेख खोटा होईल. तो म्हणाला, “दादा, त्यांच्याकडे सगळं असतं आणि आपल्याकडं मळ्यातल्या काठ्या नि चिंध्याचं पोतं. वर तू सांगणार की हेच शास्त्रीय. गरिबाला परवडतं तेच शास्त्रीय कसं काय निघतं रे दर वेळी?”

मी गप्प बसलो, कारण प्रश्न खरा होता. आमच्याकडे अशा वेळी मोठी नावे सांगण्याची पद्धत आहे. दिल्लीचा कॅडी अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला आणि १९९३ साली पुन्हा जिंकला. बंगळूरचा कॅडी चिन्नस्वामी मुनियप्पा २००९ साली जिंकला. चौरसिया तर रॉयल कलकत्ता क्लबच्या हिरवळीची निगा राखणाऱ्याचा मुलगा. त्याने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली. स्पेनचा बाय्येस्तेरोस पोरवयात समुद्रकाठच्या वाळूत एकाच तीन नंबरच्या काठीने सगळे फटके शिकला आणि १९७९ साली ब्रिटिश ओपनचा विजेता झाला. ही नावे खरी आहेत आणि ती ऐकून छाती फुगते. पण त्यांच्यासारखीच एक काठी घेऊन वाळूत उभी राहिलेली आणि तिथेच राहिलेली पोरे कोणी मोजली नाहीत. माझ्या घरात तीस वर्षे पिशवी उचललेला एक माणूस आहे, ज्याला स्विंगमधला दोष वीस चेंडूंत दिसतो. त्याचे नाव कुठल्या यादीत नाही.

म्हणून मी धाकट्याला दुसरे उत्तर शोधले. सभासदांजवळ खरोखर जास्त काय आहे? पट्ट्या आणि फुगे नव्हेत. त्यांनी त्यांचे फारसे भले केलेले मी पाहिले नाही. त्यांच्याजवळ आहे आपल्या मापाची काठी, हवे तितके चेंडू, रोज सरावाला मोकळी वेळ आणि दोष सांगणारा जाणता डोळा. फरक इथे आहे, तर पैसाही इथेच घालावा. हे गरिबाचे शास्त्र नव्हे. श्रीमंताच्या पिशवीत नीट डोकावून केलेली यादी आहे.

त्याप्रमाणे पाच हजार दोनशेंचा जमाखर्च असा झाला. सात नंबरची काठी कापून मापाची करणे आणि वर नवी मूठ बसवणे, सातशे. प्रशिक्षकांचा अर्धा तास, पंधराशे. त्यांनी अण्णांनी सांगितलेलेच निदान केले आणि मूठ धरण्यातली एक बारीक गोष्ट वर सांगितली. उरलेले तीन हजार सरावाच्या चेंडूंच्या बादल्यांना. दोन काठ्या, खडू आणि पंचा यांचा खर्च शून्य. माझ्या फीच्या पैशांना हात लागला नाही. धाकटा आता पहाटे पाचला उठतो. भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्याने दोन रकाने आखले आहेत, साधनासह आणि साधनाशिवाय. पहिला रकाना लवकर भरघोस झाला. दुसरा हट्टी आहे. चारावरून पाचावर यायला तीन आठवडे लागले आणि परवाच्या सोमवारी पहिल्यांदा सहा झाले. अण्णा रकाने वाचत नाहीत. ते फटक्याचा आवाज ऐकतात आणि नुसते “हं” म्हणतात. पूर्वी तेही म्हणत नसत.

स्पर्धा मार्चअखेर आहे. तोपर्यंत हा अंक छापून आपल्या हाती आलेला असेल. तेव्हा निकाल मला इथे सांगता येत नाही. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी एप्रिलमध्ये ग्रंथालयात मला विचारावे. मी मानसशास्त्राच्या कपाटाजवळ असतो.